तुम्हाला मदत हवी आहे का?

मेल रात्री साडेअकराला आला. पाच-सहा ओळींचा, नीटस. 'तुमची लायब्ररी आम्ही बरेच दिवस वापरतोय. दोन वर्षांत नवी आवृत्ती आलेली दिसली नाही, तुम्हाला वेळ मिळत नसावा. एक बग सापडला, त्याची दुरुस्ती सोबत पाठवली आहे. पुढच्या देखभालीत मदत हवी असेल तर जरूर सांगा.' खाली एक नाव, पूर्वी कधी न ऐकलेलं.

लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड. ही माझीच, पण अगदी छोटी. लोक नाना तऱ्हेनं तारखा लिहितात, त्या ओळखून एका साच्यात बसवायच्या एवढंच तिचं काम. सहा वर्षांपूर्वी स्वतःची अडचण सोडवायला लिहिली, इतरांनाही उपयोग होईल म्हणून रजिस्ट्रीवर, म्हणजे अशा कोडच्या सार्वजनिक कोठारात, टाकली आणि नोकरी-घरच्या धबडग्यात ती मागे पडली. लोक मात्र वापरत राहिले. अशा मेलची मी एके काळी वाट पाहिली आहे. कुणीतरी आपणहून म्हणावं, दे इकडे, थोडं मी करते. आणि आता तो मेल समोर होता, तर आनंद व्हायच्या आधी पोटात गोळा आला.

पोटातला हा गोळा अलीकडचा आहे. तो कुठून आला ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आज कुणीही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. तारीख वाचायचा कोड कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, फाइल उलगडायचा दुसऱ्या कुणी, पडद्यावर रंगीत अक्षरं छापायचा तिसऱ्या कुणी. ही तयार पॅकेजं रजिस्ट्रीवर ठेवलेली असतात. जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथनसाठी पायपीआय, तशी आणखीही. आपण एक कमांड देतो आणि पॅकेज मशीनवर येतं. त्याला लागणारी दुसरी पॅकेजं येतात, त्यांना लागणारी तिसरीही येतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनपीएमचं गणित मांडलं होतं: एक सरासरी पॅकेज घेतलं की त्याच्यासोबत आणखी ७९ पॅकेजांवर आणि ती सांभाळणाऱ्या ३९ माणसांवर आपण न बोलता विश्वास टाकतो. ती एकोणचाळीस माणसं कोण, हे मला माहीत नाही. त्यांनाही मी कोण ते माहीत नाही.

रजिस्ट्रीवर खातं कुणालाही उघडता येतं, पॅकेज कुणालाही टाकता येतं. टाकण्याआधी ते कुणी वाचून पास करत नाही. हे दार उघडं होतं म्हणूनच माझ्यासारखीचं काम तिथे पोचलं, त्यामुळे या उघडेपणाबद्दल मी कधीच वाईट बोलणार नाही. पण त्याच दारातून दुसरेही येतात. आणि त्यात एक बारीक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. पुष्कळदा पॅकेज इन्स्टॉल होतानाच त्याच्या सोबतची स्क्रिप्ट चालते. म्हणजे आपण ते वापरायला घ्यायच्या, उघडून बघायच्याही आधी अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर, आपल्याच अधिकारानं चालून झालेला असतो.

माझ्यावर हे एकदा गुदरलं आहे. रात्री उशिरा काम चाललं होतं. एक नेहमीचं पॅकेज हवं होतं. नाव टाइप करताना दोन अक्षरं उलटसुलट पडली. चुकीचं नाव टाकलं की 'असं पॅकेज नाही' असा लाल मजकूर यायला हवा. तो आला नाही. सगळं सुरळीत झालं आणि कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागला. पाच-सात मिनिटांनी माझ्या कोडमध्ये बरोबर नाव लिहिल्यावर 'सापडत नाही' असं आलं, तेव्हा मी वर सरकून बघितलं.

फोल्डर उघडला. माहितीपत्रक खऱ्या पॅकेजचं, शब्दन् शब्द उचललेलं. आत एकच छोटी फाइल, आणि इन्स्टॉलच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट: एक लांबलचक ओळ, अर्थ न लागणारी अक्षरं आणि आकडे. ती उलगडली तर आत साधा हिशेब होता. या मशीनवरचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमांसाठी बाजूला ठेवलेल्या सेटिंग, गोळा कर आणि अमुक पत्त्यावर पाठव. आमच्या सर्व्हरच्या किल्ल्या, डेटाबेसचा पासवर्ड, पासवर्डऐवजी चालणारं रजिस्ट्रीचं टोकन, सगळं तिथेच ठेवलेलं असायचं. मराठीत आपण 'ध चा मा' म्हणतो. इथे मा करणारी मी स्वतः होते, आणि कुणीतरी त्या मा वर आधीच दबा धरून बसलं होतं.

पहाटेपर्यंत मी वहीत यादी करून एकेक किल्ली रद्द करत बसले. नवी तयार करायची, जिथे जिथे लागते तिथे बदलायची, जुनी मारायची, यादीत खूण करायची. सतरा किल्ल्या निघाल्या. सकाळी आमच्या टीमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगताना आवाज कापत होता. ते म्हणाले, "लगेच सांगितलंस ना? मग निम्मं काम झालं." त्या एका वाक्याचं मोल मला पुढे कळलं. लाजेपोटी गप्प बसलेल्या माणसाच्या मशीनमधून चोर आठवडेच्या आठवडे वावरू शकतो.

नंतर शोधायला लागले तेव्हा दिसलं की ही युक्ती चांगलीच मुरलेली आहे. २०१६ साली हँबर्गच्या एका विद्यार्थ्यानं पदवीच्या प्रबंधासाठी लोकप्रिय पॅकेजांच्या चुकीच्या स्पेलिंगची दोनशेवर पॅकेजं मुद्दाम टाकून पाहिली होती. कुणाचंही नुकसान न करता 'मी इथे चाललो' असं ती कळवायची. सतरा हजारांहून जास्त मशीनवरून निरोप आले. पुढच्याच वर्षी एनपीएमवर 'क्रॉस-एन्व्ह' या पॅकेजची नक्कल सापडली. फरक मधल्या आडव्या रेघेचा. तिनंही नेमके एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच उचलले होते. आणि 'जेलीफिश'! पायथनचं हे पॅकेज शब्दांमधलं साम्य मोजतं. त्याच्या इंग्रजी नावातल्या पहिल्या 'एल'च्या जागी कुणी कॅपिटल 'आय' घातला. बऱ्याचशा फाँटमध्ये दोन्ही नुसत्या उभ्या रेघा दिसतात. ते खोटं पॅकेज एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं साधन) आणि जीपीजी (मजकूर कुलूपबंद करायचं साधन) यांच्या किल्ल्या पळवायचं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये लक्षात येईपर्यंत जवळजवळ वर्षभर पायपीआयवर होतं. मी आजही ती दोन नावं शेजारी शेजारी लिहून बघते. डोळ्यांना फरक सांगता येत नाही.

तरी टायपिंगची चूक ही यातली त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. नाव बरोबर आहे, पॅकेज खरं आहे, वर्षानुवर्षं वापरात आहे, आणि तरीही आत विष आहे, हे कसं होतं?

'इव्हेंट-स्ट्रीम'ची गोष्ट मी इतक्यांदा वाचली आहे की ती आता ओळखीच्या घरात घडल्यासारखी वाटते. एनपीएमवरचं जुनं, आठवड्याला वीस लाखांच्या आसपास डाउनलोड होणारं पॅकेज. ज्यानं ते लिहिलं त्याची शेकडो पॅकेजं होती, आणि हे तो स्वतः कित्येक वर्षांत वापरतही नव्हता. २०१८ मध्ये एका अनोळखी माणसानं मेल केला: मला हे सांभाळायला आवडेल. यानं दिलं. स्वतःला नको असलेली, दुसऱ्याला हवी असलेली वस्तू देऊन टाकावी तसं. नव्या माणसानं आधी थोडी खरी कामं केली. सप्टेंबरमध्ये एक नवी डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारं दुसरं पॅकेज, जोडली, 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाची. तीही आधी निरुपद्रवी. मग ऑक्टोबरमध्ये त्या डिपेंडन्सीच्या पुढच्या आवृत्तीत विष आलं. मूळ पॅकेजच्या ताज्या आवृत्तीतून मात्र तोवर ती डिपेंडन्सी काढून टाकलेली. वरवर बघणाऱ्याला सगळं स्वच्छ, आणि जुन्या मालिकेवर राहिलेल्या हजारो प्रकल्पांत विषारी तुकडा आपोआप जातोय.

आणि तो तुकडा कुलूपबंद होता. ज्या प्रकल्पात तो चालतोय त्याचं एका ओळीचं वर्णन हीच त्याची किल्ली. दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर कुलूप उघडायचंच नाही. ते उघडायचं फक्त 'कोपे' या बिटकॉइन पाकिटाच्या ॲपची बांधणी होताना, आणि तिथे पोचल्यावर तो मोठी शिल्लक असलेली पाकिटं शोधायचा. सापडला कसा? त्यात वापरलेलं एक जुनं फंक्शन आता वापरू नका, असा इशारा नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, द्यायला लागलं. कुणीतरी त्या फालतू वाटणाऱ्या इशाऱ्याच्या मागे लागलं. ज्या ओळी आपण रोज सवयीनं दुर्लक्षून पुढे सरकतो, त्यातली एक.

मूळ लेखकाला तेव्हा लोकांनी फैलावर घेतलं. असं कुणालाही कसं देऊन टाकलंस? मला त्या प्रश्नाचा आजही राग येतो. त्यानं पाच पैसे न घेता वर्षानुवर्षं ते पॅकेज चालवलं, त्यावर ज्यांचे धंदे चालले त्यातल्या कुणी कधी 'तुझं कसं चाललंय' असं विचारलं होतं? ज्यानं विचारलं, त्याला त्यानं दिलं. विचारणारा एकटाच निघाला आणि तोच चोर निघाला, यात त्या बिचाऱ्याचा दोष कितीसा?

हे मी आत्ता ठामपणे लिहितेय, पण मीही एकदा दुसऱ्या बाजूला उभी होते.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेडची बातमी आली. एक्सझेड म्हणजे फाइल आवळून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर डेबियन या लिनक्सच्या अजून घडत असलेल्या, 'अनस्टेबल' आवृत्तीवर वेगळंच काही मोजत होते. त्यांना दिसलं की एसएसएचनं लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. दुसऱ्या कुणी चहाचा घोट घेऊन पुढे गेलं असतं. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या तळाशी गेले आणि तिथे चोरदरवाजा सापडला. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१. तो सगळीकडे पोचला असता तर योग्य किल्ली असलेल्याला जगभरातल्या सर्व्हरांत सरळ शिरता आलं असतं. विषारी भाग चाचण्यांसाठीच्या फाइलींत लपवला होता. तिथे मुद्दाम बिघडवलेल्या फाइली असतातच, त्यामुळे कुणी त्या उघडत नाही.

हे करणारं 'जिया टॅन' नावाचं खातं दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात राबत होतं. चांगल्या, उपयोगी दुरुस्त्या देत होतं. आणि २०२२ मध्ये त्या प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर दोन-तीन नावं उगवली होती, तो एकट्यानं सांभाळणाऱ्या मेंटेनरला टोचायला. दुरुस्त्या पडून आहेत. तुम्हाला रस उरलेला दिसत नाही. दुसऱ्या कुणाला अधिकार द्या. त्यानं समजावलं होतं की हा बिनपगारी, छंदाचा प्रकल्प आहे. टोचणं थांबलं नाही. ती नावं नंतर जवळपास कुठे दिसली नाहीत. तीही त्याच डावाचा भाग असावीत असं मानतात.

ती मेलिंग लिस्ट सगळ्यांना खुली आहे. मी एका रात्री बसून ती वाचली आणि मध्येच स्क्रीन बंद केली. कारण तशी वाक्यं मी लिहिली होती. एक्सझेडला नाही, मजकुराची फोड करणाऱ्या एका छोट्या पार्सरच्या मेंटेनरला, काही वर्षांपूर्वी. 'हा प्रकल्प जिवंत आहे का? माझी दुरुस्ती तीन महिने पडून आहे. वेळ नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी द्या.' माझी डेडलाइन होती, मी चिडले होते, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण कागदावर माझी वाक्यं आणि त्या खोट्या नावांची वाक्यं वेगळी काढता येत नव्हती. त्यांना वेगळी भाषा शोधावी लागलीच नाही. आम्ही खरी माणसं रोज जी बोलतो ती त्यांनी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी त्या पार्सरवाल्याला माफीचा मेल पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'तुमचा निरोप मला आठवत नाही, असे बरेच येतात. पण बरं वाटलं.' 'असे बरेच येतात' हे शब्द माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत.

त्यानंतरचं तर वेगानं झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये एका अनुभवी मेंटेनरला एनपीएमच्या मदत विभागाच्या नावानं मेल आला: तुमचं टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवायचा दुसरा पुरावा, नव्यानं लावा. साइट हुबेहूब, पत्त्यातलं शेपूट तेवढं वेगळं. त्यानं माहिती भरली आणि 'चॉक', 'डीबग' यांच्यासह १८ पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या. ही पॅकेजं मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवली जातात. दोन-तीन तासांत सगळं थोपवलं गेलं, आणि याचं एक कारण असं की त्या माणसानं काही न लपवता, मी फसलो, असं सगळ्यांसमोर लगेच सांगितलं. मला तेव्हा माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं वाक्य आठवलं.

पुढच्याच आठवड्यात आपोआप पसरणारा किडा आला. तो मशीनवरची टोकनं शोधायचा, रजिस्ट्रीचं टोकन मिळालं की त्याच मेंटेनरच्या इतर पॅकेजांत स्वतःला घालून नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करायचा. पाचशेवर पॅकेजं बाधित झाली. इथे तर माणसाला फसवायचीही गरज उरली नाही. एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात, किल्ली आयतीच हातात.

आता कोड सुचवणारी एआय मॉडेलं आहेत, ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांची नावं आत्मविश्वासानं सांगतात. सोळा मॉडेलांवर झालेल्या एका अभ्यासात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास पाचातलं एक असं काल्पनिक निघालं. ते नाव कुणी आधीच जाऊन नोंदवून ठेवलं तर? माझी तर बोटं चुकली होती. इथे चुकायलाही माणूस लागत नाही.

उपाय आहेत, आणि मी ते करते. इन्स्टॉलच्या वेळच्या स्क्रिप्ट बंद ठेवते. कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घेतली याची नोंद ठेवणारी लॉकफाइल बदलली की ती बदललेली ओळ वाचते. नवी आवृत्ती आल्या आल्या घेत नाही, काही दिवस मुरू देते, कारण विषारी आवृत्त्या बऱ्याचदा काही तासांत किंवा दिवसांत पकडल्या जातात. रजिस्ट्र्यांनीही कंबर कसली आहे. पायपीआयनं २०२३ संपता संपता सगळ्यांना टू-फॅक्टर सक्तीचं केलं. हे सगळं हवंच. पण जिया टॅनचं खातं यातल्या कुठल्याच चाळणीत अडकलं नसतं. त्याच्याकडे खरा पासवर्ड होता, खरे अधिकार होते, खरी कामं होती. ते अधिकार त्याला दमलेल्या माणसानं दिले होते.

तर तो मेल.

मी त्या खात्याचा इतिहास बघितला. अकरा महिन्यांपूर्वी उघडलेलं. तीन-चार प्रकल्पांत छोट्या दुरुस्त्या. नवं आहे म्हणून संशय घ्यावा, तर प्रत्येक जण कधीतरी नवाच असतो. आणि जुनं असतं तरी दोन वर्षं वाट बघणारी माणसं आता माहीत झाली आहेत. मग दुरुस्ती उघडली. सत्तावीस ओळी कोड, चार चाचण्या आणि चाचण्यांसाठी तारखांची एक फाइल. लीप वर्षातली २९ फेब्रुवारी माझी लायब्ररी काही साच्यांत नाकारायची, त्यावरचा इलाज.

चार संध्याकाळी मी त्या सत्तावीस ओळी वाचल्या. प्रत्येक फंक्शनच्या आत शिरले. कुठून काही वाचलं जातंय का, कुठे काही पाठवलं जातंय का. तारखांची फाइल उघडली, कारण एक्सझेडनंतर चाचण्यांच्या फाइली न उघडणं मला जमतच नाही. साठ तारखा होत्या. साठही नजरेखालून घातल्या. न दिसणारी अक्षरं आहेत का तेही तपासलं. काही सापडलं नाही. बग खरा होता, सहा वर्षं माझ्याच कोडमध्ये होता, आणि कुणा अनोळखी माणसानं आपला वेळ घालून तो शोधला होता. तिसऱ्या संध्याकाळी मला रडू आलं. एवढ्या साध्या, चांगल्या कामाकडे मी चोराच्या सामानाची झडती घ्यावी तशी बघत होते.

पाचव्या दिवशी उत्तर लिहिलं. दुरुस्ती घेते आहे, मनापासून आभार. प्रसिद्ध करायचे अधिकार मात्र सध्या माझ्याकडेच ठेवते. याला तुम्ही कारण नाही, पण कारण तुम्हाला माहीत असेल. लोकांचे प्रश्न बघायला आणि येणाऱ्या दुरुस्त्या वाचायला सोबत मिळाली तर मला खरंच हवी आहे.

तासाभरात उत्तर आलं. 'बरोबर आहे, मीही असंच केलं असतं. एक सांगायचं राहिलं, दुरुस्ती अजून घेऊ नका. तारखांच्या फाइलीत ४१वी ओळ चुकली आहे, आणि कोडमध्येही तीच चूक आहे. आत्ता लक्षात आलं. सुधारून पाठवतो.'

मी फाइल उघडली. ४१वी ओळ: २९ फेब्रुवारी १९००. वैध तारखांच्या यादीत. १९०० ला चारनं भाग जातो, पण शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग जावा लागतो. १९०० साली फेब्रुवारी २८ चाच होता. तारखांची लायब्ररी लिहिणाऱ्या मला हे पाठ आहे. चार संध्याकाळी ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती.

नवी दुरुस्ती आली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. तीन ओळी बदलल्या होत्या. मी त्या वाचायला घेतल्या.